दम वाढला, टाच मागे राहिली

प्रश्न असा आहे: वय 21, वजन 62 किलो, पोलीस भरतीची तयारी. सात आठवडे रोज 1600 मीटर पूर्ण जोर लावून पळणं, लगेच 300 बैठका, रविवारी टेकडी. वेळ 6 मिनिटं 40 सेकंदांवरून 5 मिनिटं 50 सेकंदांवर आली. पण सकाळी उठल्यावर उजव्या टाचेमागची शीर पहिली पंधरा-वीस पावलं धरून राहते आणि नडगीच्या आतल्या बाजूला ठणका लागतो. सोबतची मुलं म्हणतात, "अंग आंबलंय, त्यावरच पळ, सुटेल." असं पळावं का? आणि एवढ्या व्यायामात आत नेमकं काय होतं, स्नायू फाटतात हे खरं का?

आधी उत्तर. रोज पूर्ण वेगाने 1600 मीटर मारणं आजपासून बंद. पळणं मात्र बंद नाही. तुमचं जे दुखतंय ते आंबणं नव्हे. आंबतात ते स्नायू, आणि आंबलेल्या पायांनी हलकं पळलं की ते मोकळे होतात, एवढ्यापुरती मुलं बरोबर आहेत. तुमची तक्रार मात्र कंडरेची (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीची) आणि हाडाची आहे, तिथे हाच सल्ला उलटा पडतो. सात आठवड्यांत हृदय, फुप्फुसं आणि स्नायू पुढे गेले. कंडरा आणि हाड त्या वेगाने बदलतच नाहीत. वेळेतले पन्नास सेकंद तुम्ही या दोघांकडून उधार घेतलेत.

शब्दाचाही घोळ आहे. आपल्याकडे 'शीर' म्हटलं की रक्तवाहिनी, नस आणि कंडरा तिन्ही आले. पोटरीत गोळा आला तरी 'शिरेवर शीर चढली' म्हणतात. मग शीर दुखते म्हणून तेल लावून चोळणं सुरू होतं. टाचेमागे बोटांत धरता येते ती कंडरा आहे, पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी बांधणारी दोरी. स्नायू आकसतो. कंडरा आकसत नाही; ती ताणली जाते आणि स्प्रिंगसारखी परत येते. पळताना प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ओढ येते. 62 किलोच्या माणसाला हे चारशे-पाचशे किलो झाले. 1600 मीटरमध्ये एका पायाची पाचशेच्या आसपास पावलं पडतात, हिशोब तुम्हीच करा.

स्नायूंबद्दल गैरसमज जास्त आहेत, म्हणून ते आधी घेतो. स्नायूचा एकेक तंतू म्हणजे सुमारे अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या खणांची लांबच लांब माळ. खण आकसले की स्नायू आखूड होतो. चढावर किंवा बैठकेतून उठताना तो आखूड होत काम करतो. उतारावर, बैठकेत खाली जाताना, पाऊल टेकताना मात्र तोच स्नायू भार धरून ठेवत लांबत जातो. या दुसऱ्या प्रकारात तेवढाच भार कमी तंतू पेलतात, त्यामुळे प्रत्येक तंतूवर ओढ जास्त. काही खण मर्यादेपलीकडे ताणले जातात, दोन खणांमधल्या भिंती वाकड्यातिकड्या होतात, तंतूच्या पडद्यातून कॅल्शियम आत शिरतं आणि पुढचे दोन-तीन दिवस सूज आणि साफसफाई चालते. तेव्हा 'फाटतात' हे सूक्ष्मदर्शकाखाली खरं, पण स्नायू कापडासारखा टरकतो असं चित्र डोळ्यासमोर आणू नका. सिंहगड चढताना दम लागतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात, त्या चढण्यामुळे नव्हे, उतरण्यामुळे.

'आंबणं' हा शब्द ऐकला की लॅक्टिक ॲसिडची गोष्ट कुणीतरी सांगतंच, शब्दच त्या गोष्टीला सोयीचा आहे. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट तासाभरात पूर्वपदावर येतं. दुखणं सुरू होतं 12 ते 24 तासांनी, कळस गाठतं एक ते तीन दिवसांत आणि आठवड्याच्या आत निघून जातं. या उशिरा येणाऱ्या दुखण्याचं मूळ स्नायूच्या आतल्या इजेत आहे, असं थिओडोर हफ यांनी 1902 मध्येच मांडलं होतं. आज त्यात एवढी भर पडली आहे की वेदना जाणवते ती बरीचशी तंतूंभोवतीच्या पातळ संयोजी आवरणांमुळे. प्रत्येक तंतूला, तंतूंच्या जुडीला आणि अख्ख्या स्नायूला अशी वेष्टनं असतात, त्यांत वेदनेचे चेतातंतू दाट असतात आणि सुजेच्या काळात ते हळवे होतात. म्हणूनच आंबलेला स्नायू नुसता बसून असताना दुखत नाही. दाबला किंवा ताणला की दुखतो.

यातून कामाची गोष्ट ही, की दुखणं किती यावरून व्यायाम किती चांगला झाला हे मोजता येत नाही. आणि दुखणं थांबलं म्हणजे ताकद परतली असंही नाही. उताराच्या जबर व्यायामानंतर मांडीची ताकद तिथल्या तिथे पाव ते निम्म्याने उतरू शकते आणि पूर्ण यायला आठवडा किंवा जास्तही लागतो. त्या दिवसांत पूर्ण वेगाने पळालात तर पाऊल टेकतानाचा जो धक्का स्नायूने गिळायचा, तो नडगीकडे आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेकडे जातो. तुमच्या 300 बैठका आणि नडगीचा ठणका यांचं नातं बहुधा इथेच आहे.

एकदा आंबलेला स्नायू त्याच कामाने पुन्हा तेवढा आंबत नाही. हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं आणि ते मिळवायला मोठी मात्रा लागत नाही. थोड्या, हलक्या मात्रेनेही बरंचसं मिळतं. म्हणून नवीन मुलाने पहिल्या दिवशी 20 बैठकांचे दोन सेट मारून थांबावं, चौथ्या दिवशी तीन सेट. तालमीत हजार बैठका मारणारे पैलवान दाखवले जातात, पण त्या हजारांमागे लहानपणापासूनची वर्षं आहेत, ती कुणी दाखवत नाही.

पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका मारल्या तर काय होतं, हे या उत्तरात सगळ्यात गंभीरपणे वाचण्यासारखं. स्नायूतंतू मोठ्या प्रमाणात फुटले की त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं, तिथून मूत्रपिंडात, आणि तिथे नलिका तुंबवतं. लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी होते. मांड्या फुगून टणक होतात, दुखण्याच्या मानाने अशक्तपणा फार असतो, खुर्चीतून उठवत नाही. असं दिसलं की घरी पाणी पीत बसायचं नाही; त्याच दिवशी दवाखाना, रक्तात सीपीके (स्नायू फुटल्यावर रक्तात येणारं द्रव्य), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासणं, आणि गरज पडल्यास सलाइन. धोका वाढतो तो मे महिन्याच्या उन्हात, तापातून उठल्यावर, महिना-दोन महिन्यांच्या खंडानंतर, आणि अंगदुखीवर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन पाणी कमी पिऊन पळणाऱ्यांत, कारण या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतात. जाता जाता: कसून व्यायामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त दिलं तर एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडेही वाढलेले दिसू शकतात, कारण ही द्रव्यं स्नायूतही असतात. तपासणीत 'लिव्हर खराब' असं आलं तर आधी डॉक्टरांना आदल्या आठवड्याचा व्यायाम सांगा. लघवीचा रंग नेहमीचा असताना सीपीके हजाराच्या वर जाणं व्यायाम करणाऱ्यात नवलाचं नाही. एकटा आकडा बघून घाबरू नका, रंग आणि अशक्तपणा बघा.

आता कंडरा. तिच्या सुक्या वजनाचा मोठा हिस्सा कोलॅजन या चिवट धाग्यांसारख्या प्रथिनाचा, पेशी थोड्या आणि रक्तपुरवठा तुटपुंजा. स्नायूत नवी प्रथिनं बनण्याचा वेग व्यायामानंतर एक-दोन दिवस चढा असतो आणि पहिल्या दोन-चार आठवड्यांत ताकद वाढते ती तर मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूला नीट हाक मारायला शिकतात म्हणून. कंडरेत भारानंतर जुनं कोलॅजन मोडणं आणि नवं बनणं दोन्ही एकदम सुरू होतात. पहिले 24 ते 36 तास मोडणं वरचढ असतं, बनणं त्यानंतर पुढे जातं आणि साधारण 72 तासांपर्यंत चालतं. रोज सकाळी सहाला पूर्ण जोर म्हणजे दररोज मोडण्याच्या टप्प्यातच पुन्हा घाव. सहा-सात आठवडे हे चाललं की पेशी घाबरून जास्तीचं पाणी धरणारा माल आत भरतात, कंडरा जाड होते, तंतूंची रांग विस्कटते. सकाळी धरून राहणं आणि चालल्यावर सुटणं ही तिची ओळख. पळताना अंग तापलं की दुखणं कमी होतं, म्हणून माणूस फसतो. खरा हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो.

डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये एक फार देखणं काम केलं. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार) वाढला होता. त्याचा माग टाचेच्या कंडरेत काढल्यावर दिसलं की तिचा गाभा सुमारे 17 व्या वर्षांपर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळपास बदलत नाही. म्हणजे एकविसाव्या वर्षी तुम्ही बिघडलेला भाग नवा करून घेणार नाही. आजूबाजूचा चांगला भाग कसदार करून त्याच्यावर भार टाकणार. उपचाराचं सगळं तर्कशास्त्र यावर उभं आहे. आणि म्हणूनच पूर्ण विश्रांती हाही इलाज नाही. तीन आठवडे पाय वर करून बसलात तर दुखणं जाईल, कंडरा आणखी सैल होईल आणि मैदानावर चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

कंडरेला कसदार करतो तो जड आणि संथ भार. तीनशे हलक्या, झटक्याच्या बैठका किंवा शंभर उड्या तिला थकवतात, ताठ करत नाहीत. लागणारा भार असा की सहा ते पंधरा वेळाच उचलता यावा.

पण आधी दोन गोष्टी बोटाने तपासा. पहिली, टाचेमागे नेमकं कुठे दुखतं. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर चिमटीत धरल्यावर दुखत असेल तर मधला भाग, तिथे पायरीच्या कडेवर उभं राहून टाच पायरीखाली उतरवणं चालतं. हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच खाली सोडायची नाही, व्यायाम सपाट जमिनीवर. खाली सोडली की कंडरा हाडावर दाबली जाते आणि बरोबर केलेला व्यायामच त्रास वाढवतो. दुसरी, नडगी. आतल्या कडेने बोट दाबत जा. पाच सेंटिमीटरपेक्षा लांब पट्टा दुखत असेल तर हाडाच्या कडेचा ताण, व्यायाम कमी करून निभावतो. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, एका पायावर उडी मारल्यावर ती जागा ओरडत असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल तर हाडाला चीर गेल्याची शंका धरून पळणं त्याच दिवशी थांबवा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येतो. तो बघून खूश होऊ नका, एमआरआय लागतो. नव्या सरावाच्या दुसऱ्या महिन्यात हे बऱ्याचदा दिसतं, कारण हाड दुरुस्तीसाठी आधी जुना भाग पोखरतं आणि मग भरतं, त्यात तीन-चार महिने जातात. मुलींनी एक जास्तीची गोष्ट बघायची: पाळी लांबली किंवा बंद झाली असेल तर खाणं व्यायामाला पुरत नाही आणि हाड कमकुवत होतंय, हा भरतीच्या तयारीचा थकवा नव्हे.

नडगी पट्ट्याने दुखणारी निघाली असं धरून पुढचे 12 आठवडे असे.

पहिले दोन आठवडे: दोन्ही टाचा उचलून अर्ध्यावर 45 सेकंद धरायच्या, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून, रोज. सोपं झालं की एका पायावर. पळणं आठवड्यात तीन दिवस, एक दिवस सोडून, मातीच्या सपाट मैदानावर 15 ते 20 मिनिटं, बोलता येईल एवढ्या वेगाने. दम टिकवायला मधल्या दिवशी सायकल: 30 मिनिटं, त्यात दोन-दोन मिनिटांचे सहा जोरकस टप्पे. टेकडी बंद.

तिसऱ्या आठवड्यापासून खरी कामगिरी. आठवड्यात तीन दिवस टाचा उचलणं, तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, चार सेट, प्रत्येकात 15. दर दोन-तीन आठवड्यांनी भार वाढवत 12, 10, 8 आणि शेवटी 6 वर यायचं. भारासाठी पाठीवर सॅक आणि त्यात वाळूच्या पिशव्या. सुरुवात 5 किलोने, एका पायावर पुढे 20 किलोपर्यंत सहज जातं. निम्मे सेट गुडघा ताठ ठेवून, निम्मे गुडघा थोडा वाकवून. वाकवलेल्या गुडघ्यात पोटरीचा आतला चपटा स्नायू काम करतो, पळताना मोठा भार त्याच्याकडेच असतो आणि जवळपास सगळे त्याला विसरतात. 300 बैठकांच्या जागी त्याच सॅकसह संथ बैठका, 10 चे चार सेट. बैठकेत पंजांवर उठून गुडघे पुढे फेकायची पद्धत आत्ता नको, टाच टेकलेली राहू द्या.

मोजमाप एकच: व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळचं धरणं आदल्या सकाळपेक्षा जास्त नको. जास्त झालं तर आदल्या दिवसाचं पळणं निम्मं करायचं, टाचा उचलणं नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात सकाळचं धरणं पाच पावलांवर आलं की आठवड्यातून एकदा 400 मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येक 85 ते 88 सेकंदांत, मध्ये तीन मिनिटं चालत. हा तुमचा आजचाच वेग आहे, फक्त तुकड्यांत. दोरीवरच्या उड्या 20 च्या दोन सेटनी सुरू. आठव्यापासून सहा फेऱ्या 80 सेकंदांच्या आसपास. सलग 1600 ची वेळ तीन आठवड्यांतून एकदाच लावायची. एका दिवसात अंतर किंवा वेग एकदम उडवणं आठवड्याच्या बेरजेपेक्षा जास्त घातक असतं, हे लक्षात ठेवा. ट्रॅकवर नेहमी एकाच दिशेने वळता, म्हणून सरावाच्या हलक्या दिवशी उलट्या दिशेने फिरा.

50 गुणांच्या चाचणीत 1600 ला 20 असले तरी 100 मीटरला 15 आहेत, आणि तिथे मांडीची मागची बाजू जाते. पाय पुढे फेकून टेकायच्या आत तो स्नायू पूर्ण ताणलेला असताना ब्रेक मारतो, इजा बहुतेक वेळा स्नायू कंडरेला मिळतो त्या सांध्यावर होते. गुडघ्यांवर बसून, घोटे कुणाला तरी धरायला लावून सावकाश पुढे झुकत जायचा व्यायाम आठवड्यात दोनदा, 5 चे तीन सेट. पहिल्या दिवशी 3 चे दोनच, नाहीतर चार दिवस बसता येणार नाही. वरच्या सगळ्या गणिताप्रमाणे हाही लांबत जाण्याचाच व्यायाम.

काही गोष्टी स्पष्टपणे टाळा. कंडरेवर जोरात चोळणं आणि 'शीर बसवणं' नको. टाचेच्या कंडरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन चाचणीला उतरणं तर मुळीच नको; दुखणं जातं आणि कंडरा तुटायचा धोका वाढतो. जुलाब किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटाची औषधं दिली जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 पासून त्यांवर कंडरा तुटण्याचा ठळक इशारा छापायला लावला आहे. टाच दुखत असताना डॉक्टरांना ते आधीच सांगा, दुसरं औषध बहुधा असतं. पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, 'फट' आवाज आला आणि पंजावर उठता येईना, तर मलमपट्टी न करता थेट हाडांच्या डॉक्टरांकडे.

खाण्याचं थोडक्यात: दिवसाला वजनाच्या दर किलोला 1.6 ग्रॅम प्रथिनं, तुम्हाला सुमारे 100 ग्रॅम. एक अंडं 6, 100 ग्रॅम पनीर 18, 50 ग्रॅम सुके सोयाबीन चंक्स 26, मूठभर शेंगदाणे 7-8. वरण-भाताने एकट्याने ते भरत नाही. सरावाच्या तासभर आधी कोलॅजनपासूनच बनणारं 15 ग्रॅम जिलेटिन लिंबूपाण्यातून घेतलं तर कोलॅजन बनण्याच्या खुणा रक्तात वाढतात, पायाचं सूपही त्याच जातीचं. घ्यायचं तर घ्या, सॅकमधली वाळू त्याने कमी होत नाही.

चाचणीच्या आधी 10 दिवस जड टाचा उचलणं निम्म्यावर आणा, शेवटचे तीन दिवस फक्त हलकं पळणं. आणि स्पाइक्स (तळाला खिळे असलेले पळण्याचे बूट) घालणार असाल तर ते किमान सहा आठवडे आधीपासून, आठवड्यातून एकदा, दोन-तीन फेऱ्यांपुरते घाला. त्यांची टाच नेहमीच्या बुटापेक्षा एक-दीड सेंटिमीटर खाली असते, तेवढी जास्तीची ओढ कंडरेला आधी माहीत असायला हवी. चाचणीच्या सकाळी पेटीतून काढलेले नवे स्पाइक्स पायात नकोत.